'कारण' हा रकाना

चि. पोरी,

गुणसूत्र-तपासणीच्या वहीतल्या तुझ्या नोंदी वाचल्या. अक्षर छान, पण 'कारण' हा रकाना भरायची तुला फार घाई.

आर्वीकडच्या त्या बाईच्या नवव्या गुणसूत्राच्या मध्याशी तुकडा उलटा बसलेला दिसला आणि तिच्या गर्भपातांचं खापर तू त्यावर फोडून मोकळी झालीस. अगं, नवव्यावरचं हे उलटणं शंभरातल्या एखाद-दोन धडधाकट माणसांतही सापडतं. त्याला आपण रोग धरत नाही. आणि नवऱ्याचं रक्त कुठे आहे? वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरात ३-४ ठिकाणी दोघांतल्या एकाच्या गुणसूत्रांत संतुलित अदलाबदल निघते. तुकड्यांनी जागा बदललेली, हरवलेलं काहीच नाही. माणूस ठणठणीत, गर्भात मात्र हिशेब चुकतो. तो एक नवराही असू शकतो. आपल्याकडे बोल बाईलाच लागतो, निदान आपल्या वहीने तरी लावू नये. कापूस वेचणीमुळे सवड नाही म्हणेल, तर बाजाराच्या दिवशी गाठ.

तुकडा कुठे तुटला ते, रंगवल्यावर गुणसूत्रावर जे आडवे पट्टे दिसतात, त्या पट्ट्याच्या क्रमांकासकट लिही. १९६०मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड या शास्त्रज्ञांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसलं. उरलेला भाग गेला कुठे, ते कळायला १९७३ उजाडलं: जॅनेट रौलींनी पट्टे रंगवून पाहिले, तर बाविसाव्याचा तुकडा नवव्यावर बसलेला! या अदलाबदलीतून तयार झालेलं प्रथिन रोखणारी इमॅटिनिबची गोळी आज रुग्ण घेतात.

डाउन सिंड्रोमच्या बाळापुढेही नुसतं '२१वं गुणसूत्र जास्तीचं' लिहून थांबू नको. काहींत ते चौदाव्याला चिकटलेलं असतं. मग आईबाप दोघांनाही तपास. आई वाहक (स्वतः ठणठणीत, पण असं चिकटलेलं गुणसूत्र बाळगणारी) असेल तर पुढच्या खेपेला धोका १०-१५ टक्के, बाप असेल तर बराच कमी. २१ला २१च चिकटलेल्या वाहकाचं जगणारं प्रत्येक मूल डाउनचंच असतं. हे घरच्यांना सांगणं अवघड जातं, पहिल्यांदा मला बोलाव.

गावात 'ही सिकलचीच तपासणी आहे का?' असं विचारतील. सिकलसेल या रक्ताच्या आजारात जनुकातलं एकच अक्षर बदलतं, ते गुणसूत्रांच्या स्लाइडवर दिसत नाही, एवढं सांग.

रक्त हिरव्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीतच घे. जांभळ्या झाकणाची नको, आपल्याला पेशी वाढवायच्या आहेत. मे महिन्यात नळी एसटीच्या बॉनेटवर ठेवू नको, बर्फालाही टेकवू नको. आणि सोमवारीच पाठव. कल्चर, म्हणजे पेशी वाढवणं, ७२ तासांचं असतं, मंगळवारी लावलं की शुक्रवारी स्लाइड करता येते.

तुझे सर