इंटिरियर डिझायनर गिलाव्यानंतर नव्हे, स्लॅबच्या आधी नेमा

नमस्कार. धुळ्यातील तुमच्या साठ खोल्यांच्या हॉटेलचा पहिला स्लॅब पुढच्या महिन्यात पडणार आहे, मजल्याची उंची साडेदहा फूट धरली आहे आणि इंटिरियर डिझायनर गिलावा झाल्यावर नेमला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. जळगावात हॉटेल बांधताना आम्ही नेमके हेच केले होते, म्हणून राहवले नाही. मी आर्किटेक्ट नाही, मालक आहे. तेव्हा माझे आकडे तुमच्या आरसीसी कन्सल्टंटकडून, म्हणजे बीम-स्लॅबचे गणित करणाऱ्या इंजिनिअरकडून, तपासून घ्यावेत. जागा, कर्ज व मूळ परवानगीबद्दल तुम्हाला सांगण्याची गरज दिसत नाही.

साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. त्यातून बीमचे २१ आणि फरशीचे ३ इंच गेले की १०२ उरतात. एसीचा डक्ट, म्हणजे थंड हवा नेणारा पत्र्याचा चौकोनी मार्ग, इन्सुलेशनसह १२, त्याखाली आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप व केबल ट्रे ४, फॉल्स सीलिंग चौकटीसह ३. कॉरिडॉरमध्ये उरतात ८३ इंच, म्हणजे सात फुटांनाही एक इंच कमी. आमच्या दुसऱ्या मजल्यावर छत लागले त्या दिवशी मी लिफ्टमधून बाहेर आलो, हात वर केला, तर कोपर पुरते सरळ होण्याआधीच बोटे दिव्याला टेकली. खाली इटालियन मार्बल होता, दारांना पितळी मुठी होत्या, तरीही बोगद्यात शिरल्यासारखे वाटत होते.

बीमला कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने भोक पाडून, डक्ट आरपार नेऊ, असे कंत्राटदार म्हणाला. आरसीसी कन्सल्टंटने ठाम नकार दिला आणि ते योग्यच होते. मग डक्ट काढून उभे शाफ्ट, म्हणजे मजल्यांमधून वरखाली जाणाऱ्या पाइप-डक्टच्या पोकळ्या, वाढवण्याचे ठरले व त्यासाठी सुधारित नकाशा मंजुरीला टाकावा लागला. ज्या कार्यालयाशी तेव्हा गाठ पडली, त्याचे नाव मी घेणार नाही. एका खेपेला एकच त्रुटी काढायची, ती दुरुस्त करून नेली की दुसरी दाखवायची, आणि सगळ्या त्रुटी एकदाच लेखी द्या म्हटले तर साहेब रजेवर आहेत असे ऐकवायचे, यात सात महिने गेले. व्याज चालूच होते, लग्नसराई हातची गेली आणि आजही ती फाइल कपाटात दिसली की संताप होतो.

माझे मत स्पष्ट आहे : हॉटेलची श्रीमंती इमारतीच्या छेदात, म्हणजे उभ्या कापाच्या नकाशात, ठरते, फिनिशिंगमध्ये नाही. लोक डिझायनरला मुंबईच्या ताजमधील घुमटाखालच्या जिन्याचे फोटो दाखवतात. १९०३ साली सुरू झालेल्या त्या इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्णत्वास नेले. तो जिना मागाहून केलेली सजावट नव्हे, तो बांधकामाचाच भाग आहे.

तुम्ही मजल्याची उंची साडेअकरा ते बारा फूट घ्या. कॉरिडॉरला आडवे बीम टाळून ते लांबीच्या दिशेने दोन्ही कडांना घेता येतील का, हे विचारा. फॅन कॉइल युनिट, म्हणजे थंड पाण्यावर खोलीची हवा गार करणारा पंख्याचा डबा, प्रत्येक खोलीच्या दारामागच्या छतात बसवले, तर कॉरिडॉरमधून फक्त थंड पाण्याचे पाइप आणि ताज्या हवेचा लहान डक्ट न्यावा लागतो. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून मध्ये माणूस उभा राहील एवढा शाफ्ट ठेवा व त्याचे दार कॉरिडॉरमध्ये काढा, म्हणजे गळती काढायला पाहुण्याची खोली उघडावी लागणार नाही. इमारतीची एकूण उंची परवानगीत बसत नसेल, तर मी एक मजला कमी करीन. पुष्कळांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. पश्चिमेला पूर्ण काच मात्र घेऊच नका, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो.

स्लॅबवरून आठवले : बँक्वेटच्या स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसाठी तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक स्लॅबमध्ये मोकळी जागा आत्ताच सोडा. आमच्याकडे ती राहून गेली. पहिल्याच लग्नात आचाऱ्याने भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला घेतली आणि अर्ध्या तासात धूर लॉबीत आला. आता वांगी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली भाजावी लागतात आणि तेथून पातेली उचलून आत आणावी लागतात.