शिबिरातल्या भाषणाबद्दल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

गुन्ह्यातल्या पीडितांच्या हक्कांवरचं तुझं भाषण वाचलं. मेहनत दिसते, पण पहिली दोन पानं संविधानातच गेलीत. तोवर समाजमंदिरातल्या बायका भाकरी टाकायला उठलेल्या असतील. हक्कांची थोरवी राहू दे. कुठल्या टेबलावर काय मागायचं ते सांग.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून कर. माणूस मार खाऊन तक्रार द्यायला जातो, ठाणे अंमलदार एक कागद हातात ठेवतो आणि हा घरी येऊन सांगतो, "केस केली." कागद पाहावा तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद! एनसीवर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून एनसी आणि एफआयआर, दोन्हींचे नमुने नावं झाकून सोबत ने आणि लोकांच्या हातात फिरव. एफआयआरवरचे 'प्रथम खबर' हे शब्द शोधायला लाव. एफआयआरची प्रत फुकट मिळते. "आमची हद्द नाही" म्हणाले तर शून्याने गुन्हा नोंदवा म्हणायचं, म्हणजे इथे नोंदवून ज्यांची हद्द त्यांच्याकडे पाठवा. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत पोलिसांनीच पीडिताला किंवा फिर्यादीला कळवायचं आहे.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झाला असेल तर खाजगी दवाखान्यानेही लगेच मोफत उपचार करायचे असतात. "आधी एफआयआर आणा" चालत नाही. पोलिसांना कळवणं दवाखान्याचं काम.

आता सरकारी भरपाई. शिक्षा झाल्यावरच पैसे मिळतात, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. तसं नाही. आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज करता येतो. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी आपल्याकडे २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. मात्र "लगेच मिळतील" असं तोंडातून जाऊ देऊ नकोस. अर्ज रखडतात आणि मग लोक तुझ्या दारात येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

'पीडितांचे मनोगत' हा भाग काढूनच टाक. गावासमोर कुणालाही उभं करायचं नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे. ज्यांना बोलायचं असतं ते शिबिर संपल्यावर रेंगाळतात. माईक, सतरंज्या दुसऱ्या कुणाकडे सोपव आणि तू तिथेच थांब. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तेव्हा सांग. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या पर्समध्ये असू देत.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझे,
वकीलकाका