दातांचा दवाखाना किती लांब? नकाशाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : जावळी तालुक्यात दंततपासणीसाठी गावे निवडायची आहेत. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दवाखान्यांभोवती १० किलोमीटरची वर्तुळे काढली, तर अख्खे राज्य झाकले गेले. शिवाय जवळ दिसणाऱ्या गावांतले लोकही म्हणतात, दातासाठी दिवस मोडतो. चुकते कुठे?
– संस्थेचे कार्यकर्ते, मेढा

उत्तर : पहिली चूक एककाची. तुमचा थर (नकाशावर टाकलेली दवाखान्यांची माहिती) डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत, म्हणजे अंशांत आहे. तिथे बफरला, म्हणजे वर्तुळाच्या अंतराला, १० लिहिले की ते १० अंश होतात, आणि उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रणालीत (ईपीएसजी कोड ३२६४३) नव्याने जतन करा आणि अंतर १०००० मीटर द्या. नुसती प्रोजेक्टची प्रणाली बदलली तर थर अंशांतच राहतो.

पण आमच्या मते वर्तुळच टाकून द्यावे. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पलीकडचे गाव बामणोलीतून समोर दिसते. सरळ रेषेत ते जवळ, पण लाँच नसली तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. ओआरएस टूल्स हे क्यूजीआयएसला जोडायचे प्लगइन घ्या, त्याची मोफत की (वापरासाठीचा कोड) मिळवा आणि ३० व ६० मिनिटांच्या प्रवासाची हद्द काढा. हे गणित चारचाकीचे असते. ज्याच्या दारात गाडी नाही, त्याच्यासाठी गाववार तक्ता हवाच : पहिली एसटी किंवा लाँच, दवाखान्याचे वार आणि वेळ, परतीची शेवटची गाडी. दाढ काढल्यावर गॉज दाबून अर्धा-पाऊण तास बसावे लागते, तोही वेळ धरा. उपचार संपायच्या आत शेवटची गाडी सुटत असेल, तर त्या गावाला तो दवाखाना नाहीच असे समजा. रूट कॅनालला बहुधा दोन-तीन खेपा लागतात. रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, त्यामागे अनेकदा हीच अडचण असते.

प्रश्न : दवाखान्यांची यादी नकाशावर टाकली, पण एकही ठिपका साताऱ्यात दिसत नाही.
– दंतवैद्यक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडले असतील, तिथे पाहा. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश (सातारा शहर सुमारे ७४) आणि वाय म्हणजे अक्षांश (सुमारे १७.७). गावांची यादी जोडताना नावावर विसंबू नका, एकाच नावाची गावे असतात. एलजीडी कोड (सरकारी यादीतला प्रत्येक गावाचा स्वतंत्र क्रमांक) वापरा. तो एका तक्त्यात अंक आणि दुसऱ्यात मजकूर असेल तर जोडणी रिकामी येते.

प्रश्न : माण-खटावमध्ये दंतवैद्य कमी आहेत हे दाखवायचे आहे. तालुक्याची लोकसंख्या भागिले डॉक्टर, एवढे पुरे का?
– पंचायत समिती सदस्य, दहिवडी

उत्तर : नाही. दात दुखणारा माणूस तालुक्याची हद्द पाहत नाही. म्हसवडचा रुग्ण आटपाडीलाही जाऊ शकतो. म्हणून शेजारचे तालुके धरून दोन पायऱ्यांत हिशेब करा. आधी प्रत्येक केंद्राच्या ३० मिनिटांच्या हद्दीतली लोकसंख्या मोजा. समजा, एका केंद्रात दंतोपचाराच्या ३ खुर्च्या आणि हद्दीत ९०,००० लोक आहेत : दर १०,००० लोकांमागे ०.३३ खुर्ची. दुसऱ्यात १ खुर्ची आणि २०,००० लोक : ०.५. मग गावाकडून पाहा. दोन्ही केंद्रे आवाक्यात असलेल्या गावाला ०.८३, फक्त पहिले असलेल्याला ०.३३. आठवड्याच्या ६ दिवसांपैकी दोनच दिवस डॉक्टर येत असतील तर ती खुर्ची १ नव्हे, ०.३३ धरा. पाटीवर नाव आहे म्हणून पूर्ण खुर्ची मोजली की नकाशा खोटे समाधान देतो.

प्रश्न : फिरत्या दंत व्हॅनचे थांबे कसे ठरवावेत?
– शिबिर समन्वयक, इस्लामपूर

उत्तर : वरच्या हिशेबात सर्वांत कमी आकडा आलेली गावे आधी. पण २०११ च्या जनगणनेत एक मोठा गट तुम्हाला दिसणारच नाही : ऊसतोड मजूर. गळीत हंगामात कोप्यांचे (मजुरांच्या झोपड्यांचे) तळ कुठे पडलेत हे कारखान्याच्या गट कार्यालयात किंवा चिटबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. फड (तोडणीची शेते) बदलत राहतात, म्हणून नोंद तळाची करा. मिश्री-तंबाखूच्या सवयीमुळे इथे तोंडाच्या आतल्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांची तपासणी दात काढण्याइतकीच महत्त्वाची आहे.

थांब्याला सपाट जागा, पाणी आणि वीज लागते. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे हा फक्त निर्जंतुकीकरणाचा काळ. तापणे आणि वाळणे धरले तर फेरी बरीच लांबते. त्या वेळात जितके रुग्ण, तितके जादा हत्यारांचे संच हवेत. परतीची तारीख पक्की नसेल तिथे रूट कॅनाल सुरू करू नका. प्रत्येक थांब्यापुढे रात्री रक्तस्राव झाला तर जायचे ठिकाण लिहून ठेवा.

प्रश्न : रुग्णांची घरे नकाशावर दाखवावीत का?
– आशा स्वयंसेविका, पाटण तालुका

उत्तर : नाही. वाडीत एकच ठिपका असला तरी माणूस ओळखू येतो. गाववार बेरीज दाखवा आणि पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर शेजारच्या गावांशी जोडून एकच आकडा द्या. मूळ यादी व्हॉट्सॲपवर पाठवू नका.