काढ्याआधी डिस्चार्ज कार्ड बघा
वाचकांचे प्रश्न, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरे

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. पाटण तालुक्यात कोयनेच्या अंगाला आमचं गाव. आमच्या मालकीच्या रानात नरक्याची झाडं आहेत. मागे व्यापाऱ्यांची माणसं येऊन याचं लाकूड किलोवर घेऊन जायची. माझ्या मेहुण्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, कराडला केमो चालू आहे. भावकीतले एकजण म्हणतात, परदेशात याच झाडाचं औषध करतात, साल उकळून रोज कपभर द्या. द्यावी का? आणि पडीक तुकड्यात नरक्या लावला तर चार पैसे सुटतील का?
— एक शेतकरी, जि. सातारा

उत्तर : देऊ नका. भावकीतल्या गृहस्थांची माहिती खरी आहे, सल्ला मात्र जीवावर बेतणारा आहे.

नरक्याच्या सालीत, लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर सलाईनमधून देतात ते इरिनोटेकन याच द्रव्याच्या रेणूत फेरफार करून बनवलेलं आहे. म्हणून आधी मेहुण्यांचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर हे नाव दिसतं का ते बघा. दिसलं, तर तुम्ही काढ्यातून त्याच जातीचं विष वरून देणार, तेही न मोजता. इरिनोटेकनने पांढऱ्या पेशी घटतात आणि जुलाब इतके होतात, की पेशंटला दाखल करून सलाईन लावायची वेळ येते. म्हणून डॉक्टर उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात, त्यावर मिलिग्रॅममध्ये डोस ठरवतात आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडला तर केमोची पुढची फेरी लांबवतात. सालीचा तुकडा काय मोजणार? द्रव्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं. शिवाय ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. वरचा निवळ काढा एक दिवस बिनकामाचा ठरेल आणि दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ ढवळून दिलात तर किती पोटात गेलं, याचा पत्ता नाही.

हे द्रव्य मारतं कसं, तेही सांगते. पेशी दुभंगायच्या आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते आणि त्यासाठी पीळ सुटावा लागतो. सुंभाचे दोन पदर ओढून वेगळे करा, पुढे पीळ आवळत जातो. तसंच तिथे होतं. तो ताण घालवायला टोपोआयसोमरेज नावाचं एक प्रथिन एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन बरोबर कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्यावर आदळते, दोन्ही पदर तुटतात, पेशी मरते. कॅन्सरची पेशी सतत दुभंगत असते म्हणून ती आधी सापडते. पण आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगजही तसेच भराभर वाढणारे. जुलाब आणि पांढऱ्या पेशींचं घटणं तिथूनच येतं.

'शुद्ध द्रव्यच दिलं तर?' असं कुणी विचारेल. तेही करून झालंय. १९६६ साली अमेरिकेत हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळं झालं. पाण्यात विरघळेना म्हणून त्याचं सोडियम मीठ करून पेशंटना दिलं. मीठ करताना रेणूतलं एक कडं उघडतं. उघड्या कड्याचा रेणू विरघळतो छान, पण कॅन्सरवर त्याचा जोर फारसा नसतो. मूत्राशयात लघवी आम्लधर्मी मिळाली, की कडं परत मिटतं आणि द्रव्य तिथेच आपलं काम सुरू करतं. पेशंटना लघवीतून रक्त जायला लागलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या. पुढे १९८५ मध्ये हे द्रव्य टोपोआयसोमरेजलाच अडवतं असा उलगडा झाला, तेव्हा लोकांनी हा रेणू पुन्हा हातात घेतला. इरिनोटेकन तयार केलं जपानच्या याकुल्ट कंपनीने. हो, त्या छोट्या बाटलीतल्या आंबवलेल्या दुधाचीच कंपनी! अमेरिकेत इरिनोटेकन आणि त्याचं भावंड टोपोटेकन या दोघांना परवानगी मिळाली १९९६ साली. म्हणजे शुद्ध द्रव्य हातात असताना, पगारी शास्त्रज्ञांना, औषधापर्यंत पोचायला तीस वर्षं लागली. तुमच्या चुलीवर ते एका सकाळी व्हायचं नाही.

मेहुण्यांनी काढा आधीच घेतला असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. 'झाडपाल्याचं सांगितलं की डॉक्टर रागावतात' म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. रागावू द्यात. त्यांना पुढचा डोस ठरवायचा असतो.

आता लागवड. साल आणि लाकूड तुकडे करून बाहेर धाडण्याच्या धंद्यात सह्याद्रीतला नरक्या बेसुमार तुटला; कित्येक ठिकाणी मुळासकट उपटला. तुमच्या रानात तो शिल्लक आहे हेच मोठं. तोडू नका आणि कुणी 'फक्त फांद्या नेतो' म्हणाला तरी खुंटापर्यंत हात जाऊ देऊ नका. पडीक तुकड्यात रोपं जरूर लावा, पण चार पैशांच्या हिशेबावर नको. झाड वाढायला वर्षं लागतात, गिऱ्हाईक मोजकं, भाव तोच ठरवणार. खरेदीचा लेखी करार हातात नसेल तर त्या तुकड्यात काजू परवडेल. गावच्या जैवविविधता समितीची नोंदवही असेल तर तिच्यात या झाडांची नोंद मात्र करून घ्या. उद्या कुणी तुमच्या रानातून माल उचलून पैसे केले, तर बोलायला कागद लागतो.

प्रश्न : मॅडम, मी नंदुरबारला एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टसाठी सरांनी सांगितलंय, दहा औषधी वनस्पती घे, त्यांचे अर्क काढ आणि अँटिकॅन्सर टेस्टला पाठव. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग आणि दहाची एक कर. दहा अर्क, त्यांपुढे 'अल्कलॉइड अधिक, टॅनिन अधिक, सॅपोनिन उणे' असा तक्ता आणि शेवटी 'या वनस्पती गुणकारी आहेत' हे वाक्य. असे प्रबंध मी कपाटभर तपासलेत. त्यांतून कुणाला काही मिळालेलं मला दिसलं नाही.

वरच्या उत्तरातलं कॅम्प्टोथेसिन वेगळं करणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी तुझ्याच नंदुरबारचे. जन्म १९२५चा, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिका. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, अशी कॅन्सरवरची दोन द्रव्यं जगापुढे ठेवली. त्यांची रीत मुद्दाम बघ. अर्क काढायचा, त्याचे भाग करायचे आणि प्रत्येक भाग रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर तपासायचा. गुण ज्या भागात दिसेल त्याचेच पुन्हा भाग. बाकीचे कितीही सुंदर रंगाचे असोत, बाजूला. रसायन गुणाच्या मागे चालतं. तुमच्या दहा अर्कांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

उंदीर तुझ्या आवाक्यात नाहीत, ठाऊक आहे. मग ओळखीच्या द्रव्यावर हात बसव. मुंबईत गोरेगावला सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं १९७२ मध्ये छापलं. तेव्हा झाडाचं नाव मॅपिया फीटिडा होतं; आता नोथापोडायटिस निमोनियाना. वाचताना दोन्ही नावांनी शोध. प्रश्न छोटा ठेव : पान, कोवळी डहाळी आणि जून डहाळी यांत द्रव्य किती? साल सोलायची गरज नाही. वाळवलेली पूड मिथेनॉलमध्ये, अर्क टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर चढवून वेगळी करणारी पातळ थराची पट्टी), शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका. प्लेट ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धर. कॅम्प्टोथेसिन लख्ख निळं चमकतं. ते पहिल्यांदा दिसतं ना, तेव्हा लॅबचे बाकीचे दिवे लावावेसे वाटत नाहीत. पण निळं चमकणारी दुसरी द्रव्यंही पुष्कळ असतात, तेव्हा ठिपका शुद्ध नमुन्याच्याच उंचीवर हवा, आणि 'किती' याचं उत्तर एचपीएलसीवरच, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावरच मिळेल. टीएलसीवरून टक्केवारी लिहिलीस तर परीक्षक तुला सोडणार नाही. मी तरी सोडलं नसतं.

या सगळ्याच्या आधी एक कंटाळवाणं काम. फुलं किंवा फळं असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळव. गाव, तारीख, झाड कुठल्या उतारावर होतं, फुलाचा रंग, सगळं चिठ्ठीवर लिही आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून किंवा आघारकर संस्थेकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घे. बाजारातल्या पुडीतून आणलेल्या सालीला क्रमांक मिळत नाही आणि क्रमांक नसेल तर तुझा निष्कर्ष नेमका कुठल्या झाडाचा, हे कुणीच सांगू शकत नाही. सरकारी जंगलातून डहाळी घ्यायची तर वनखात्याची लेखी परवानगी काढ. पत्र पाठवून वाट बघत बसू नकोस, स्वतः जाऊन बस.

आणि टॅनिन, म्हणजे सालीपानांतलं तुरट द्रव्य, सांभाळ. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. अँटिकॅन्सर टेस्टमध्ये कॅन्सरच्या पेशी मेल्या तर खुश होण्याआधी अर्कातलं टॅनिन काढून चाचणी परत कर. पुष्कळ 'अँटिकॅन्सर' वनस्पती याच पायरीवर गळतात.

प्रश्न : शुगर आहे. रोज सकाळी अंगणातल्या सदाफुलीची चार पानं चावून खातो. चालेल ना?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : काका, थांबवा. कॅनडात नोबल आणि बीर यांनी १९५०च्या दशकात सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठीच उंदरांवर तपासला. तोंडावाटे दिला तेव्हा साखर हलली नाही. टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं द्रव्य हाती लागलं आणि पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात आणि हातापायांना मुंग्या-बधिरपणा आणणारं औषध म्हणून डॉक्टर त्याला वचकून असतात. मधुमेहात पावलं आधीच बधिर होतात. दोन्ही एकत्र आलं तर कशानं काय झालं हे तुमच्या डॉक्टरांनाही उमगणार नाही. पानांत ही द्रव्यं अत्यल्प असतात, म्हणून घाबरून जाऊ नका. पण या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करून घ्या आणि गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पानांचं सांगा. फुलं देवाला वाहायला हरकत नाही.