प्रश्न मुलीचा विचारलात, काळजी मुलाची वाटते

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. जुळी मुलं यंदा दहावी झाली. मुलीला ९३ टक्के, मुलाला ७१. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमासाठी हटून बसली आहे. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ट्रिप झाला की टेस्टर घेऊन तीच उघडते. पण पुरुषांचा मेंदू मोठा असतो, गणित आणि यंत्रं त्यांनाच जमतात, मुलींची वाढ लवकर थांबते, मुलगे मागून पुढे जातात, असं वाचनात आलं. म्हणून तिला आर्ट्स घेऊन पुढे डी.एड. आणि मुलाला जेईईसाठी लातूरला, असं ठरवलंय. क्लासचे पैसे भरलेत. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही, बरोबर नाही. मुलीला काय हवं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती भांडून सांगते. मुलाबद्दल मात्र पत्रात दोनच गोष्टी आहेत : ७१ टक्के आणि लातूर. त्याला गणितात किती पडले, कशात त्याचं मन लागतं, लातूरचं ऐकून तो काय म्हणाला, यातलं काहीच नाही. बहुधा तो काहीच बोलला नसेल. गप्प बसलेला पोरगा तयार आहे असं धरू नका. 'पुरुषाचा मेंदू' म्हणून तुम्ही त्याच्यावर जेईई लादताय. तिथे मार्क पडले नाहीत तर तो घरी फोन करून सांगू शकेल का? 'बहिणीचं इंजिनिअरिंग थांबवून तुला पाठवलं' हे ओझंही त्याच्याच डोक्यावर असेल. अशी मुलं मी पाहते. ती अभ्यासापेक्षा बापाला तोंड दाखवायच्या धास्तीनेच खचतात.

आता मेंदूचं. पुरुषांचा मेंदू सरासरी दहाएक टक्क्यांनी मोठा असतो हे खरं आहे. शरीर मोठं म्हणून मेंदू मोठा. बुद्धी त्यावर मोजता येत नाही. मेंदूचं आकारमान मुलींमध्ये साधारण साडेदहाव्या वर्षी आणि मुलग्यांत साडेचौदाव्या वर्षी सर्वाधिक होतं, हेही खरं. पण त्यानंतर मेंदू घडायचा थांबत नाही. नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग दोघांतही पंचविशीपर्यंत घडत असतो. 'मुलींची वाढ थांबते' हे कुणीतरी पदरचं घातलंय. तेल अवीव विद्यापीठाच्या डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक मेंदूंचे एमआरआय तपासले, तेव्हा बहुतेकांत 'पुरुषी' आणि 'बायकी' वैशिष्ट्यांची सरमिसळच निघाली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००८ मध्ये सत्तर लाखांवर विद्यार्थ्यांचे गणिताचे निकाल पाहिले. मुलगा-मुलगी फरक जवळपास नव्हताच. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत मुलग्यांची सरासरी पुढे असते, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगला ते लागतं. पण ते सरावाने वाढतं. शिवाय सरासरी हजारोंची असते. तुमच्या घरातल्या दोघांपैकी यंत्रात कुणाचं डोकं चालतं, हे तुमच्या मोटरच्या स्टार्टरवरून तुम्हाला केव्हाच कळलंय.

मुलगे वयात येतात ते सरासरी वर्ष-दोन वर्षं उशिरा, एवढं खरं. तुमचा मुलगा तसाच असेल, तर त्याला याच वयात घरापासून तोडून होस्टेलवर ठेवायचं कशासाठी?

मुलीची वाट सरळ आहे : पॉलिटेक्निक, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी तुमच्या जवळच आहेत. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना पदवीच्या केंद्रीभूत प्रवेशात २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग पदवीच्या फीचं कारण उरत नाही. तिचे दाखले आजच तहसीलला टाका. आर्ट्स आणि डी.एड. ही वाईट वाट नाही, पण ती तिने मागितलेली नाही.

क्लासचे पैसे गेले असं समजू नका. कोचिंगबाबत केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मुलगा मध्येच बाहेर पडला तरी उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. लेखी अर्ज द्या, पावती जपून ठेवा. त्याआधी मुलाला बागेत सोबत न्या, एकट्याला, आणि विचारा. लगेच उत्तर मागू नका, चार दिवस जाऊ द्या. मग मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात खाली दोन ओळी त्याच्या हातच्या असू द्या.