अभ्यासिकेचे दार आणि क्लबचे दार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फक्त पुरुषांना सभासद करून घेणाऱ्या क्लबांविरुद्ध तू महाविद्यालयात बोललीस, आणि एका मुलाने उभे राहून विचारले की धरमपेठेत तुम्ही मैत्रिणी चालवता त्या अभ्यासिकेत मुलांना प्रवेश का नाही. त्याचा हेतू खोडसाळ असेलही, पण प्रश्न गैरलागू नाही. तो हसण्यावारी नेऊ नकोस.

कायदा तुला येथे फार दूर नेणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख आहे. केवळ सभासदांसाठी असलेला खासगी क्लब त्यात सहजासहजी बसत नाही. अनुच्छेद १९ ने दिलेले संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य त्या क्लबला आहे तसेच तुम्हालाही आहे. अनुच्छेद १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतुदीची मुभा देतो, पण ती राज्याला, म्हणजे शासनाला. अभ्यासिकेसाठी त्याचा आधार घेतलास, तर समोरचा चांगला वकील तो एका वाक्यात काढून टाकील.

म्हणून मी एवढेच पाहते की दाराच्या आत काय वाटले जाते. लंडनच्या गॅरिक क्लबने, जो १८३१ साली स्थापन झाला, स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय मे २०२४ मध्ये घेतला. त्याआधीचा वाद जेवणाच्या टेबलांचा नव्हता. न्यायाधीश, ज्येष्ठ वकील आणि मंत्री जेथे एकत्र बसतात तेथे ओळखी होतात आणि त्या ओळखी पुढे पदांपर्यंत नेतात, हा आक्षेप होता. स्कॉटलंडच्या म्युरफील्ड गोल्फ क्लबमध्ये २०१६ साली असाच ठराव दोन-तृतीयांश मतांअभावी पडला, तेव्हा ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या यजमानपदाचा हक्क गेला आणि पुढच्याच वर्षी तो ठराव मंजूर झाला.

मी हे स्वतः सोसले आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझे बरोबरीचे सहकारी संध्याकाळी ज्या क्लबात ज्येष्ठांबरोबर बसत, तेथील बैठकीच्या खोलीत स्त्रियांना मज्जाव होता, आणि सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात ते मला सांगत की अमुक प्रकरण काल रात्री आपल्याकडे आले. माझा अपमान कोणी केला नाही. कामे मात्र माझ्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

आता हीच कसोटी तुमच्या अभ्यासिकेला लाव. रात्री उशिरापर्यंत वाचत बसण्याची परवानगी ज्या मुलींना घरून केवळ ‘तिथे सगळ्या मुलीच असतात’ म्हणून मिळते, त्यांच्यासाठी ते बंद दार म्हणजेच आत येण्याची वाट आहे. मुलांना शहरात इतरत्र जागा मिळते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील मोना या कलासंग्रहालयाच्या स्त्रियांसाठीच्या दालनाचा खटला अवश्य वाच: एप्रिल २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने पुरुषांना आत घेण्यास सांगितले, आणि सप्टेंबरमध्ये टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण वंचित गटाला समान संधी मिळावी म्हणून केलेल्या व्यवस्थेला तेथील भेदभावविरोधी कायदा वाव देतो.

परंतु तू पत्रात ओघाने लिहिले आहेस की दर रविवारी निवृत्त अधिकारी तुमच्याकडे येऊन मुलाखतीची तयारी करून घेतात आणि तेव्हाही मुलांना आत घेत नाही. येथे मी तुझ्या बाजूने उभी राहू शकत नाही. ते मार्गदर्शन दुपारी होते, त्यात सुरक्षिततेचा प्रश्न नाही, आणि आत जे वाटले जाते ते नेमके तेच आहे जे मला त्या खोलीबाहेर ठेवून नाकारले गेले होते. एखाद्या गरीब घरच्या मुलाला ते इतरत्र मिळण्याची शक्यता फार कमी आहे.

रात्रीची वेळ मुलींसाठी राखून ठेव आणि रविवारचे मार्गदर्शन सर्वांसाठी खुले कर. समितीत विरोध होईल, विशेषतः ज्यांनी वर्गणी गोळा केली त्यांच्याकडून; त्यांचे ऐकून घे, पण क्लबांना पाठवायच्या निवेदनावर सही करण्याआधी हा ठराव मंजूर करून घे. नियमावलीत बदल कसा लिहायचा ते पाहू. शनिवारी दुपारी सिव्हिल लाइन्सला घरी ये, येताना तिची प्रत आण.

तुझी,
ताई