आई शेजारी बसली की पोरगं गप्प का होतं?

"मॅडम, ह्याला शाळेतून काढूनच टाकू का? नाहीतरी घरीच बसलाय, मीच शिकवते, फी तरी वाचेल." कोविडच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न मला कितीतरी आयांनी विचारला. अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतंच, कारण तेव्हा चौथीत असलेली पोरं आता नववी-दहावीच्या आसपास आलीयत आणि काही राहून गेलं की पालकांना पहिलं तेच वर्ष आठवतं. म्हणून एक केस सांगते. नावं आणि बारीकसारीक तपशील अर्थातच बदललेत.

ओम चौथीत, इंग्लिश मीडियम. पिंपरी-चिंचवडला वन बीएचके, त्यात आईबाबा, नववीतली ताई आणि मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून गावाहून आलेले आजोबा, जे लॉकडाऊन लागल्यावर इथेच अडकले. बाबांची चाकणची कंपनी परत सुरू झाली, त्यामुळे त्यांचा फोन दिवसभर त्यांच्याबरोबर. घरात उरला आईचा एक फोन आणि दोघांच्या शाळा सकाळीच.

आईची तक्रार अशी, की क्लास सुरू झाला की ह्याच्या पोटात दुखतं, रोज. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही. जबरदस्तीने बसवला तर कॅमेरा बंद करतो, म्यूट करतो आणि क्लास मागे चालू ठेवून गेम खेळतो. वर टीचरनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की ओम इज नॉट रिस्पॉन्डिंग. सगळ्यांसमोर! आईचं म्हणणं, मला तर ग्रुप उघडायचीच भीती वाटायला लागलीय.

मी ओमशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागले. तुला काय आवडतं, मित्र कोण, साधेच प्रश्न. तर प्रत्येक प्रश्नाला हा आधी डावीकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. दोन-तीनदा झाल्यावर माझ्या कानावर आलं, हळू आवाजात, "अरे ड्रॉइंग सांग ना, ड्रॉइंग." मी त्याच्या आईला म्हटलं, तुम्ही जरा चहा टाकून येता का, आम्ही बोलतो तोवर. त्या गेल्या. बराच वेळ हा काहीच बोलला नाही, शर्टाचं बटण फिरवत बसला. मग म्हणाला, "मी चुकलो की आई खालून मांडीला चिमटा काढते. आणि आईने उत्तर सांगितलं की टीचरला ऐकू जातं, मग टीचर म्हणतात मम्मी प्लीज डोन्ट टेल, मग सगळे हसतात."

बघा, एवढंच होतं सगळं. गेम, पोटदुखी, कॅमेरा बंद, सगळं तिथूनच निघालेलं. आणि पोटदुखी खोटी नव्हती हं, भीतीने पोरांचं पोट खरंच दुखतं, 'नाटकं करतो' म्हणून ते सोडून देऊ नका. शाळेत मूल दिवसातून दहा वेळा चुकतं, बाई ओरडतात, शेजारचा फिदीफिदी हसतो, मधल्या सुट्टीत डबा खाताना ते विसरलेलं असतं आणि घरी कुणाला पत्ताही नसतो. त्या वर्षी ही चुकायची जागाच गेली. प्रत्येक चूक आईच्या डोळ्यांसमोर, आणि आईची मदत आख्ख्या वर्गासमोर.

आईला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे पण मला ते पटत नाही. त्या स्वतः मराठी मीडियमच्या, बारावी झालेल्या, त्यांची भीती एकच की माझ्या इंग्लिशमुळे पोरगं मागे पडेल. शाळेत असताना ती जबाबदारी टीचरची होती, आता आपलीच असं त्यांनी धरून चाललं होतं आणि त्यात स्वयंपाक, सासरे, एक फोन. त्यांना झोप लागत नव्हती हे त्यांनी तिसऱ्या-चौथ्या बोलण्यात सांगितलं, तेही जाता जाता.

पहिलं काम सांगितलं ते म्हणजे क्लासच्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात, आजोबा हॉलमध्ये पेपर वाचत बसतील, त्यांना इंग्लिश कळत नाही म्हणून तेच उत्तम. दुसरं, टीचरशी ग्रुपवर नाही, वेगळं बोला. टीचर खरं तर चांगल्या निघाल्या, त्यांचीही घरी दोन मुलं, त्यांनाही वरून रोजचा रिपोर्ट द्यावा लागत होता. त्यांनी आदल्या दिवशी ओमला एक प्रश्न सांगून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच तोच विचारायचा असं ठरलं. एकदा आवाज बाहेर पडला की पुढचं जमतं.

तिसरं वेळेचं. शाळा चौथीला लागोपाठ चार पिरियड घेत होती. जुलै 2020 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या होत्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं, जास्त नाही, असं स्पष्ट होतं. हे आईला माहीतच नव्हतं. मी म्हटलं दोनच बसवा, बाकीचं वहीत नंतर, टीचरना तसं सांगून टाका. दोन पिरियड कमी झाल्याने फोनही ताईला मिळायला लागला.

आणि अभ्यासाचं काय, तर त्या घरात उत्तम मास्तर बसलेलेच होते. आजोबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, तोंडी हिशोब असा की बघत राहावं. त्या काळात मीटरचं रीडिंग घ्यायला कुणी येत नव्हतं आणि जूनमध्ये एकदम फुगलेली वीजबिलं आली, ह्यांच्याकडेही आलं आणि आजोबा भडकले. मी म्हटलं ओमला कामाला लावा. मग रोज सकाळी हा स्टुलावर चढून मीटरचा आकडा वहीत लिहायचा, कालचा वजा करायचा, आठवड्याची बेरीज करून आजोबांना दाखवायचा. हातच्याची वजाबाकी ह्याला वर्गात जमत नव्हती, ती महिन्याभरात सुटली. सह्याद्रीवर जुलै 2020 पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायचं, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेलं. इंग्लिश मीडियमचा असून हा ते आजोबांबरोबर बघायचा. आईला आधी वाटलं त्याचा काय उपयोग, मी म्हटलं बघू दे की.

आता मूळ प्रश्न, शाळेतून काढू का. मी त्यांना सरळ म्हटलं, की तुम्ही आत्ता जे करताय ते होमस्कूलिंग नाही, तुम्ही शाळेचं टाइमटेबल घरात चालवताय आणि दमताय. होमस्कूलिंग करणारी कुटुंबं मी बघितलीत, ती काय शिकवायचं, कधी, कशातून, हे स्वतः ठरवतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून घ्यायची तयारी ठेवतात आणि पुढचा रस्ता आधी बघून ठेवतात. रस्ते आहेत, नाही असं नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी-आठवी देता येते, एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी, किंवा शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म. आणि परत शाळेत घालायचं झालं तर आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, तेव्हा आठवीपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळायचा. पण फी वाचते किंवा ग्रुपवर लाज वाटते म्हणून हा निर्णय घेऊ नका. त्यांनी घेतला नाही.

ह्या सगळ्यात ताईचं नाव कुणीच काढत नव्हतं. तिची काही तक्रारच नव्हती. मी सहज विचारलं तर कळलं की फोन ओमकडे असायचा म्हणून ती रात्री अकरानंतर मैत्रिणीने पाठवलेले नोट्सचे फोटो उतरवून काढायची, बाथरूमचा लाइट लावून. पुढच्या वर्षी दहावी! तक्रार करणाऱ्या मुलाकडे सगळं घर धावतं, शहाणं मूल तसंच राहतं. त्यानंतर बाबांनी हप्त्यावर साधा स्मार्टफोन घेतला, तो तिचा.

एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीला परीक्षा न घेता सरसकट पुढे घातलं, त्यामुळे वर्ष वाया जायची भीती तशीही संपली. जुलैत 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे आधीच्या इयत्तेची उजळणी, आला, तो त्याने बरा केला. शहरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा उघडल्या डिसेंबर 2021 मध्ये, तेव्हा ओम पाचवीत, आणि जानेवारीत त्या परत बंदही झाल्या काही दिवस. वर्गात बोलायला तो घाबरला नाही. गणितही ठीक. फक्त लिहायचा वेग पार गेला होता, फळ्यावरचं अर्धं उतरवेपर्यंत टीचर पुसून टाकायच्या. आईचा लगेच फोन, ट्यूशन लावू का? मी म्हटलं नको, रोज दहा ओळी, त्याच्या आवडीच्या कशातूनही, घड्याळ न लावता, आणि तुम्ही शेजारी बसायचं नाही. त्याला सहावीची दिवाळी उजाडली, पण आला वेग.